१.७ च्या अलीकडे आणि पलीकडे

पाणी आणि सोडिअम हायड्राइड या दोन पदार्थांपासून सुरुवात करतो. पाण्याची ओळख करून द्यायला नको. सोडिअम हायड्राइड ही करड्या रंगाची भुकटी. प्रयोगशाळेत ती बहुधा खनिज तेलात कालवलेलीच मिळते, कारण हवेतला ओलावासुद्धा तिला सोसत नाही. आता आकडे पाहा. पाण्यातल्या ऑक्सिजनची विद्युतऋणता ३.४४ आणि हायड्रोजनची २.२०, म्हणजे फरक १.२४. सोडिअमची ०.९३, त्यामुळे हायड्राइडातला फरक १.२७. बारीकसा फरक सोडला तर दोन्ही आकडे एकच. बंधांचे प्रकार ओळखण्याचा जो नियम आपण शिकतो तो असा: फरक ०.४ किंवा ०.५ पेक्षा कमी असेल तर बंध अध्रुवीय सहसंयुज, तिथून १.७ पर्यंत ध्रुवीय सहसंयुज, आणि १.७ च्या पुढे आयनिक. या नियमाने दोन्ही पदार्थ एकाच रकान्यात जातात, ध्रुवीय सहसंयुज.

पाण्याच्या बाबतीत हे बरोबरच आहे. सोडिअम हायड्राइडमध्ये मात्र सुटा रेणू शोधून सापडत नाही. मिठाच्या स्फटिकात सोडिअम आणि क्लोराइड आयन जसे एकाआड एक रचलेले असतात, अगदी तशीच रचना इथे सोडिअम आणि हायड्राइड आयनांची असते. ही भुकटी पाण्यात पडली की फसफसून हायड्रोजन बाहेर पडतो, मागे कॉस्टिक सोडा उरतो, आणि एवढी उष्णता निघते की तो हायड्रोजन पेटूही शकतो. त्या बुडबुड्यातल्या हायड्रोजनच्या रेणूकडे जवळून बघायला हवे. त्यातला एक अणू पाण्यातून आलेला आहे, तिथे त्याच्यावर किंचित धन प्रभार होता. दुसरा हायड्राइडातून आला आहे, तिथे तो ऋण आयन होता. एकाच मूलद्रव्याचे दोन अणू, दोघांच्या जोडीदारांशी असलेला फरक सारखाच, आणि तरी दोघांची अवस्था परस्परविरुद्ध. हे का होते, याचे उत्तर नुसत्या वजाबाकीत नाही. ते कुठे आहे हे दाखवण्यासाठी हे पुस्तक लिहिले आहे.

वजाबाकीचा नियम खोटा आहे, असे मला म्हणायचे नाही. तो अपुरा आहे, आणि त्याचे अपुरेपण न सांगता तो शिकवला जातो याचे मला मनापासून वाईट वाटते. विद्यार्थी आकडे पाठ करतात, १.७ ही सीमारेषा पाठ करतात, पण हा आकडा कोणी, कशावरून आणि किती खात्रीने काढला हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून आधी त्या आकड्याचे मूळ पाहू.

विद्युतऋण आणि विद्युतधन मूलद्रव्ये ही कल्पना इलेक्ट्रॉनच्या शोधापेक्षा बरीच जुनी आहे. १८०० साली व्होल्टाने विद्युतघटांची माळ केली, १८०७ मध्ये डेव्हीने विजेच्या जोरावर सोडिअम आणि पोटॅशिअम वेगळे काढले, आणि विजेचे व रासायनिक आकर्षणाचे नाते अनेकांच्या मनात पक्के झाले. स्वीडनच्या बर्झेलियसने मूलद्रव्यांची एक रांगच लावली. तिच्या विद्युतऋण टोकाला ऑक्सिजन होता आणि विद्युतधन टोकाला पोटॅशिअम. प्रत्येक संयुग म्हणजे एक धन भाग आणि एक ऋण भाग, असे त्याचे म्हणणे. क्षारांच्या बाबतीत हे छान जुळत होते. पण मग हायड्रोजनचे दोन अणू एकमेकांना का धरून राहतात? दोन्ही सारखेच. त्यामुळे वायूंचे रेणू दोन-दोन अणूंचे असतात हे आव्होगाड्रोचे म्हणणे बर्झेलियसला पटणे शक्यच नव्हते.

खरा धक्का फ्रान्समधून बसला. ॲसेटिक आम्लातले तीन हायड्रोजन काढून त्यांच्या जागी तीन क्लोरीन बसवता येतात, आणि तयार होणारा पदार्थही आम्लच असतो, हे द्यूमाने दाखवले. धन हायड्रोजनच्या जागी ऋण क्लोरीन बसतो आणि पदार्थाची जात बदलत नाही, हे बर्झेलियसच्या चौकटीत मावेना. पुढे ही चौकट मोडीत निघाली. या कथेचा उत्तरार्ध मला फार आवडतो. जात बदलली नसली तरी ताकद बदलली होती. ट्रायक्लोरोॲसेटिक आम्ल साध्या ॲसेटिक आम्लाच्या तुलनेत दहा हजारपटीच्या आसपास तीव्र असते, कारण तीन क्लोरीन मिळून इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात आणि त्यामुळे आम्लाचा प्रोटॉन सहज सुटतो. ज्या पदार्थाने विद्युतऋणतेची जुनी कल्पना पाडली, तोच पदार्थ आज नव्या कल्पनेचा उत्तम दाखला म्हणून शिकवता येतो.

१९१६ साली दोन उत्तरे एकदमच पुढे आली. जर्मनीत कोसेलने इलेक्ट्रॉन एका अणूकडून दुसऱ्याकडे पूर्णपणे जातो असे मांडले, तर अमेरिकेत लुईसने दोन अणू इलेक्ट्रॉनांची जोडी वाटून घेतात असे मांडले. लुईसच्या त्या लेखातला महत्त्वाचा भाग पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. वाटून घेतलेली जोडी बरोबर मध्येच राहायला हवी असे नाही, ती एका बाजूला कमीअधिक सरकू शकते, आणि ध्रुवीय व अध्रुवीय संयुगांत फरक आहे तो प्रमाणाचा, असे त्याने तेव्हाच म्हटले होते. म्हणजे सीमारेषा आखली जाण्याच्या आधीच, तिथे मुळात सलग उतार आहे हे सांगितले गेले होते.

हा उतार आकड्यांत मांडण्याचे काम लायनस पॉलिंगने १९३२ साली केले. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकवत होता. त्याची युक्ती वाचकाने एकदा कागदावर करून पाहावी असा माझा आग्रह आहे, कारण एकदा ती केली की विद्युतऋणता हा आभाळातून पडलेला तक्ता राहत नाही. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला एका मोलमागे ४३६ किलोज्यूल लागतात. क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडायला २४२. हायड्रोजन क्लोराइडमध्ये जोडी दोघांनी अगदी समसमान वाटून घेतली असती, तर तिथला बंध या दोहोंच्या सरासरीइतका, म्हणजे ३३९ किलोज्यूलचा असता. प्रत्यक्षात तो ४३१ चा भरतो. हे जास्तीचे ९२ किलोज्यूल आले कुठून? पॉलिंगचे उत्तर असे की जोडी क्लोरीनकडे सरकली आहे, त्यामुळे एका बाजूला थोडा धन आणि दुसऱ्या बाजूला थोडा ऋण प्रभार आला आहे, आणि त्यांच्या आकर्षणाने बंध घट्ट झाला आहे. ९२ किलोज्यूल म्हणजे सुमारे ०.९५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. त्याचे वर्गमूळ ०.९८. आता तक्ता उघडा: क्लोरीन ३.१६, हायड्रोजन २.२०, फरक ०.९६. जुळले.

वर्गमूळ घेण्याचे कारण अगदी व्यवहारी होते. नुसती जास्तीची ऊर्जा घेतली तर निरनिराळ्या जोड्यांचे आकडे एकमेकांत बेरीज-वजाबाकीने बसत नाहीत. वर्गमुळे मात्र बऱ्यापैकी बसतात, आणि म्हणूनच प्रत्येक मूलद्रव्याला स्वतःचा एक आकडा देता येतो. हेही ध्यानात ठेवावे की प्रयोगातून हाती येतो तो फक्त फरक. मोजणी कुठून सुरू करायची हे पॉलिंगने सोयीने ठरवले, कार्बनला २.५ आणि फ्लुओरीनला ४.० यावेत अशा बेताने. आज छापले जाणारे दोन दशांश स्थळांचे आकडे बहुतांशी ऑलरेडने १९६१ मध्ये केलेल्या फेरमोजणीतून आले आहेत.

आता १.७. पॉलिंगने फरक आणि बंधातला आयनिक अंश यांना जोडणारे एक सूत्र दिले. हायड्रोजन क्लोराइडसारख्या काही रेणूंमध्ये प्रभार प्रत्यक्षात किती सरकला आहे, याच्या मोजणीवर ते बेतलेले होते. त्या सूत्राने फरक १.० असेल तर आयनिक अंश २२ टक्के येतो, मिठासाठी २.२३ या फरकाला ७१ टक्के, आणि सिझिअम फ्लुओराइडसाठी ३.१९ ला ९२ टक्के. शंभर टक्के कधीच येत नाही. १.७ ला येतो ५१ टक्के. १.७ चे महत्त्व एवढेच, की एका वक्ररेषेवर अर्धा आयनिक अंश जिथे येतो तो हा बिंदू आहे. तिथे निसर्गात काही घडत नाही, कुठला गुणधर्म तिथे उडी घेत नाही.

शिवाय ती वक्ररेषाही कायमची ठरलेली नव्हती. १९४६ मध्ये हॅने आणि स्मिथ यांनी हायड्रोजन फ्लुओराइडमधली प्रभाराची विभागणी मोजली, आणि आयनिक अंश ४० टक्क्यांच्या आसपास निघाला. पॉलिंगचे सूत्र त्याच रेणूला ५५ टक्के देते. त्या दोघांनी आपले वेगळे सूत्र मांडले, आणि त्या सूत्राने निम्मा अंश येतो २.१ च्या जवळपास. म्हणजे सूत्र बदलले की सीमारेषाही सरकते. एका परीक्षेत १.७, दुसऱ्या पुस्तकात १.८, तिसऱ्यात २.० असे आकडे पाहून गोंधळलेल्या विद्यार्थ्यांना हे स्पष्ट सांगायला हवे: गोंधळ तुमचा नाही, जिथे रेघ नाही तिथे रेघ मारण्याचा तो परिणाम आहे.

तरीही, रेघ थोडी इकडेतिकडे झाली तर काय बिघडले, असे कुणी म्हणू शकेल. बिघडते ते असे. लिथिअम आयोडाइडमधला फरक १.६८, हायड्रोजन फ्लुओराइडमधला १.७८. नियमाने पहिले सहसंयुज आणि दुसरे आयनिक. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. लिथिअम आयोडाइडची स्फटिकरचना मिठासारखीच, ते ४६९ अंश सेल्सिअसला वितळते आणि त्याच्या वितळलेल्या रसातून वीज वाहते. हायड्रोजन फ्लुओराइड सुट्या रेणूंचे असते आणि १९.५ अंशांनाच उकळते. बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये तर फरक १.९४ आहे आणि ते उणे शंभर अंशांच्या सुमारासच वायू होऊन बसते. रेघ कुठेही सरकवली तरी ही तिन्ही उदाहरणे एकाच वेळी योग्य रकान्यात बसत नाहीत. म्हणजे अडचण रेघेच्या जागेची नाही, मोजायची गोष्टच एक कमी पडते आहे.

ती गोष्ट कोणती हे फरक शून्य असलेल्या पदार्थांकडे पाहिले की उमगते. क्लोरीन वायू, हिरा आणि सोडिअम धातू. तिन्हींत एकाच मूलद्रव्याचे अणू, त्यामुळे फरक शून्य. पण क्लोरीन हा दोन-दोन अणूंच्या रेणूंचा वायू, हिरा हे कार्बनचे अखंड घट्ट जाळे, आणि सोडिअम हा सुरीने कापता येणारा, वीज वाहून नेणारा धातू. वजाबाकीच्या नियमाला यातल्या तिसऱ्याचे नावच माहीत नाही. त्यात धातुबंधाला जागाच नाही. घरातले पितळ घ्या. तांबे १.९०, जस्त १.६५, फरक ०.२५. नियम त्याला अध्रुवीय सहसंयुज म्हणेल. पितळेच्या तांब्याला कुणी तसे म्हणणार नाही.

फरकाबरोबर सरासरीही पाहावी लागते, हेच ते उत्तर. जोडीतला इलेक्ट्रॉन कोणाकडे झुकतो हे फरक सांगतो. दोघे मिळून इलेक्ट्रॉनांना किती आवळून धरतात हे सरासरी सांगते. रस्सीखेचीचा दाखला वर्गात नेहमी दिला जातो. तो पुरा करायचा तर दोर कुणीकडे सरकतो याबरोबरच दोर किती ताणलेला आहे हेही सांगायला हवे. दोघेही जोरात धरणारे असतील तर इलेक्ट्रॉन दोन अणूंच्या मधल्या जागेत अडकून राहतात आणि सुटे रेणू तयार होतात. दोघेही सैल धरणारे असतील तर इलेक्ट्रॉन कुणाचेच राहत नाहीत, सगळ्या तुकड्यात पसरतात, आणि तो धातू होतो.

हॉलंडच्या फान आर्केलने १९४१ मध्ये आणि केटेलारने १९४७ मध्ये हा विचार त्रिकोणाच्या आकृतीत मांडला. एका कोपऱ्यात धातू, दुसऱ्यात सहसंयुज, तिसऱ्यात आयनिक, आणि मध्ये सगळी मिश्र कुटुंबे. पुढच्या काळात या त्रिकोणाला आकड्यांचे अक्ष मिळाले: आडव्या अक्षावर सरासरी, उभ्या अक्षावर फरक. खाली डाव्या कोपऱ्यात सिझिअम, ०.७९ वर. खाली उजवीकडे फ्लुओरीन, ३.९८ वर. आणि वर शिखराशी या दोघांचे संयुग.

आता आपले पहिले कोडे या त्रिकोणावर ठेवून पाहा. पाणी आणि सोडिअम हायड्राइड एकाच उंचीवर येतात, पण पाण्याची सरासरी २.८२ आहे आणि हायड्राइडाची १.५७. एक उजव्या कडेच्या बाजूला, दुसरे पार डाव्या कडेच्या बाजूला. लिथिअम आयोडाइड १.८२ वर, हायड्रोजन फ्लुओराइड ३.०९ वर. सोडिअम आपला बाहेरचा इलेक्ट्रॉन इतका सैल धरतो की हायड्रोजनसारखा मध्यम ओढीचा अणूही तो पूर्ण घेऊन जातो. ऑक्सिजनसमोर मात्र हायड्रोजन आपला इलेक्ट्रॉन सहजी सोडत नाही, वाटून घेण्यावरच तडजोड होते. वितळलेल्या लिथिअम हायड्राइडमधून वीज सोडली तर हायड्रोजन धनाग्रापाशी निघतो, आणि आम्ल मिसळलेल्या पाण्यातून सोडली तर ऋणाग्रापाशी. एवढा थेट पुरावा दुसरा नसेल.

या त्रिकोणावरचे माझे सर्वांत आवडते ठिकाण सिझिअम आणि सोने यांचे आहे. दोन्ही धातू. दोन धातू मिसळले की मिश्रधातू, हे आपण धरूनच चालतो. पण सोन्याची विद्युतऋणता २.५४ आहे, कार्बनच्या अगदी शेजारची, आणि सिझिअमशी फरक पडतो १.७५. त्यांचे संयुग पिवळसर रंगाचे असते, त्याची रचना सिझिअम क्लोराइडसारखी असते, ते धातूसारखी वीज वाहून न नेता अर्धसंवाहकासारखे वागते, आणि त्यात सोने ऋण आयन म्हणून बसलेले असते. सोने इलेक्ट्रॉन इतके घट्ट का धरते? त्याच्या केंद्रकात ७९ प्रोटॉन आहेत, आणि त्यांच्या ओढीने आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून अधिक वेगाने फिरतात. सापेक्षतेच्या नियमांमुळे त्यातून बाहेरचे कवचही आकसते. सोन्याला पिवळी झळाळी येते तीही याच कारणाने.

त्रिकोणाचेही अपुरेपण मी लपवणार नाही. तांब्याची विद्युतऋणता १.९० आणि सिलिकॉनचीही १.९०. त्रिकोणावर दोन्ही एकाच बिंदूवर बसतात, पण एकाच्या तारा आपण वीज वाहून नेण्यासाठी वापरतो आणि दुसऱ्याच्या चिपा वीज अडवून-सोडून हिशेब करण्यासाठी. तांब्यासारख्या संक्रमण धातूंच्या आतल्या कवचातले इलेक्ट्रॉनही खेळात असतात, आणि एका आकड्यात ते मावत नाहीत.

मूलद्रव्याला एकच आकडा देणे हेसुद्धा एक सोयीचे सरलीकरण आहे. कल्हईचे कथील पाहा. त्याचे एक क्लोराइड, दोन क्लोरीनवाले, पांढरे स्फटिक असून २४७ अंशांना वितळते. दुसरे, चार क्लोरीनवाले, खोलीच्या तापमानाला रंगहीन द्रव असते आणि दमट हवेत धुरावते. मूलद्रव्ये तीच, पण जास्त इलेक्ट्रॉन गमावलेले कथील उरलेले इलेक्ट्रॉन अधिक जोराने धरते. ॲल्युमिनिअम क्लोराइड तर अवस्था बदलली की वागणेच बदलते. घनरूपात प्रत्येक ॲल्युमिनिअमभोवती सहा क्लोरीन असतात, आयनिक रचनेला शोभेल असे. वितळताच ते जोड-रेणूंमध्ये विभागते आणि त्या द्रवातून वीज जवळजवळ वाहत नाही. मीठ वितळल्यावर होते त्याच्या हे बरोबर उलटे. फरक दोन्ही वेळा १.५५ च असतो. आणि कार्बन मोनॉक्साइडमध्ये, ऑक्सिजन ३.४४ आणि कार्बन २.५५ असताना, रेणूचे किंचित ऋण टोक चक्क कार्बनकडे असते. पाठ्यपुस्तकातला बाण तिथे उलटा काढावा लागतो. या तिन्ही गोष्टींसाठी पुस्तकात स्वतंत्र प्रकरणे आहेत, कारण त्या अपवाद म्हणून तळटीपेत टाकण्यासारख्या नाहीत. बंध म्हणजे दोन अणूंच्या स्वभावांची बेरीज नसून ते ज्या परिस्थितीत एकत्र आले आहेत तिचाही परिणाम असतो, हे त्यांतूनच नीट कळते.

अजून एक सावधगिरी. वितळण्याचे तापमान हा बंधाच्या प्रकाराचा पुरावा मानू नये. वर मी तो वापरला आहे, पण दुसऱ्या पुराव्यांच्या जोडीने. वाळूतल्या क्वार्ट्झचे बंध बव्हंशी सहसंयुज असूनही ते वितळवायला मिठाच्या दुप्पट तापमान लागते, कारण त्यात सुटे रेणू नसतात, सगळे एकच जाळे असते. बंध कोणता आणि रचना कशी हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत हे या विषयातल्या बहुतेक चुकीच्या उत्तरांचे मूळ आहे.

शिक्षकांना एक विनंती. वजाबाकीचा नियम शिकवाच, पहिली पायरी म्हणून तो चांगला आहे. पण प्रश्नपत्रिकेत १.६८ आणि १.७८ सारख्या जोड्या देऊन प्रकार विचारू नका, आणि त्या द्यायच्याच असतील तर कारण विचारा. फरकावरून आयनिक ठरणारा पदार्थ वायू का आहे, असा प्रश्न आला तर विद्यार्थ्याला खरोखर विचार करावा लागतो.

पुस्तकातले सर्व आकडे पॉलिंगच्या मापनश्रेणीतले आहेत. मलिकनची १९३४ ची श्रेणी आयनीभवन ऊर्जा आणि इलेक्ट्रॉन आसक्ती यांच्या सरासरीवर उभी आहे, तर ऑलरेड आणि रोचाऊ यांची १९५८ ची श्रेणी केंद्रकाच्या ओढीवर. त्यांचा विचार चौथ्या प्रकरणात केला आहे. तिन्ही वाटा वेगळ्या असूनही मूलद्रव्यांचा क्रम बराचसा तोच येतो, ही गोष्ट मला या संकल्पनेच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटते. शेवटच्या पानावर कोरा त्रिकोण छापला आहे. वाचताना भेटणारे प्रत्येक संयुग पेन्सिलीने त्यावर मांडत जावे. सुरुवात गॅलिअम आर्सेनाइडने करायला हरकत नाही: गॅलिअम १.८१, आर्सेनिक २.१८.